डेझर्टच्या स्वादाचे चहा : चाखलेले, जमलेले, फसलेले

मंदआच

डबा उघडला आणि खोलीभर करपवलेल्या साखरेचा आणि कस्टर्डचा वास पसरला. क्रेम ब्रूलेच्या स्वादाचा काळा चहा होता. चार मिनिटं मुरवला, गाळला, पहिला घोट घेतला. तोंडात आलं ते नुसतं पातळ, तुरट पाणी. वास अजून दरवळत होता, पण जिभेवर त्यातलं काहीच उतरलं नाही. इतकी हिरमुसले की अर्धा कप तसाच राहिला.

अर्ध्या तासाने कप धुवायला घेतला आणि सहज एक घोट घेऊन पाहिला. आता तर व्हॅनिलाही उडून गेला होता. उरला होता फक्त जुना, चुरा झालेला, निस्तेज चहा. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं की हा चहा मुळातच हलका होता आणि वरच्या स्वादाने तो झाकला होता.

त्यानंतर दर रविवारी दुपारी एक, असे आजवर सतरा चहा चाखले. सगळ्यांच्या नोंदी वहीत आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते : या चहांमध्ये नावातल्या डेझर्टपेक्षा खालचा मूळ चहा कोणता आहे यावर सगळं ठरतं. आणि तो कसा आहे हे कळतं शेवटच्या कोमट घोटात.

चाखायची पद्धत : चहाच्या चाचणीसाठी आयएसओ ३१०३ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८० मध्ये पहिल्यांदा आलेलं. त्यात १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं प्रमाण आहे. दोष उघडे पडावेत म्हणून ते मुद्दाम कडक ठेवलंय. मी प्रमाण तेच ठेवते, वेळ मात्र काळ्या चहाला साडेतीन मिनिटं. चमच्याने मोजू नका, वजन करा. सफरचंदाचे तुकडे आणि दालचिनीच्या काड्या असलेल्या मिश्रणात एका चमच्यात चहाची पानं किती येतील याचा काही नेम नसतो. मग तीन घोट : एक गरम, एक दहा मिनिटांनी, एक पार कोमट झाल्यावर. तिन्ही कोरे. त्यानंतर उरलेल्याचे दोन भाग करून एकात दूध, दुसऱ्यात थोडी साखर.

आता नोंदी.

क्रेम ब्रूले, दुसरा. पहिल्यावर फुली मारल्यावर महिन्याभराने वेगळ्या ठिकाणचा आणला. पानं मोठी, काळी, वळलेली, मूळ चहा आसामचा. डब्यातला वास पहिल्याच्या निम्माही नाही. पण घोट घेतल्यावर आधी आसामचा तो भाजलेल्या धान्यासारखा दाटपणा आला, त्यावर कॅरमेल अलगद येऊन बसलं आणि गिळल्यानंतरही घशाशी रेंगाळलं. कोमट झाल्यावर स्वाद ओसरला, तरी खाली प्यावासा वाटणारा चहा शिल्लक होता. दूध घातल्यावर तर कस्टर्ड म्हणतात ते समोर आलं. सतरांत पहिला नंबर.

अ‍ॅपल पाय, रुइबॉसवर. रुइबॉस म्हणजे चहाचं झुडूप नव्हे, दक्षिण आफ्रिकेतल्या सेडरबर्ग भागात वाढणारी वेगळीच वनस्पती. कॅफीन नाही, तुरटपणा आणणारं टॅनिनही कमी, त्यामुळे दहा मिनिटं पाण्यात विसरलात तरी कडू होत नाही. अंगचाच एक मधासारखा, लाकडी गोडवा असतो. दालचिनी त्यावर छान बसते. सफरचंद मात्र मला फारसं सापडलं नाही. तुकडे भरपूर होते, पण वाळलेल्या सफरचंदाच्या चार तुकड्यांतून कपात येते ती जरा आंबटगोड छटा. 'पाय'चा भास सगळा दालचिनीचा आणि व्हॅनिलाचा. तरी रात्री जेवणानंतर घ्यायला याच्याइतका सोयीचा दुसरा नाही.

लेमन मेरिंग्यू. यात जास्वंद होती आणि ते मी डब्यावर वाचलं नाही. दूध घातलं आणि डोळ्यांदेखत फुटलं. पांढऱ्या कण्या, गुलाबी पाणी. कोरा मात्र बरा लागला, लिंबाच्या गोळीसारखा. मेरिंग्यूचा हलका फेसाळपणा कपात आणणार कसा, हा प्रश्न बनवणाऱ्यांनाही पडला असावा, कारण त्या जागी फक्त व्हॅनिला होता.

चॉकलेट. चार चाखले, तीन फसले. कोकोची टरफलं घातली की वास सुंदर येतो, घोट पाणचट. चौथा पु-अरवर, म्हणजे आंबवून मुरवलेल्या चिनी चहावर होता. पु-अरला पावसानंतरच्या मातीचा, ओल्या लाकडाचा जो गडद स्वाद असतो तो कोकोला जवळचा आहे, दोघे एकमेकांत मिसळतात. वर तेलाचा बारीक तवंग दिसला, तो कोको बटरचा. घाबरू नका, पण कप गरम असतानाच संपवा. ते बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्याखाली गेलं की ओठांना मेणचट लागतं. शेवटच्या कोमट घोटाचा माझा नियम फक्त इथे मोडते.

कॅरमेल होजिचा. होजिचा म्हणजे भाजलेला जपानी हिरवा चहा. भाजल्याने त्यात खमंगपणा आलेलाच असतो, म्हणून कॅरमेल चिकटवल्यासारखं वाटत नाही. दुसरा नंबर.

कोकोनट मॅकरून. पाकीट फोडल्यावरच खवट वास. किसलेल्या खोबऱ्यातलं तेल जुनं झालं होतं. तारीख उलटायला अजून पाच महिने होते. फेकून दिला.

बाकीचे हळूहळू लिहीन. तुम्ही कोणते चाखलेत? मूळ चहा कोणता होता ते जरूर लिहा.

खडीसाखर

फार दिवसांनी असा धागा वाचला. एक शंका : साखर घालून चव तपासणं योग्य आहे का? मी असे चहा घेते ते गोड खायची इच्छा भागावी म्हणून, साखर टाळायला. त्यात साखरच घातली तर मग केक खाल्लेला काय वाईट!

प्रयोगवही

मंदआच, तुमच्या पहिल्या कपात काय झालं ते थोडं उलगडून सांगतो. माझं काम स्वादांशी संबंधित आहे.

व्हॅनिला गोड नसतो. व्हॅनिलाच्या अर्काचा एक थेंब जिभेवर ठेवून पाहा, कडवट लागेल. पण तो आपण आयुष्यभर आइस्क्रीम, केक, कस्टर्ड यांतच खाल्लेला असतो, म्हणून त्याचा वास आला की मेंदू गोडाची तयारी करून ठेवतो. कॅरमेलचंही तसंच. नाकाने दिलेला शब्द जिभेला पाळता आला नाही की घोट असतो त्याहून पातळ आणि तुरट भासतो. म्हणजे तो चहा वाईट होताच, वरच्या वासाने तो आणखी वाईट भासला.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग : नाक चिमटीत धरून घोट घ्या, तोंडात फिरवा. फक्त तुरट, कडू, आंबट, गोड कळेल. मग नाक सोडा. क्षणात व्हॅनिला येईल. तोंडातली वाफ घशामागून नाकात चढते आणि ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग तिथे ठरतो. नाक धरलेल्या अवस्थेत जे कळतं तो तुमचा मूळ चहा. शेवटच्या कोमट घोटात तुम्ही नकळत हेच करताय, कारण थंड होताना उडून जाणारे गंधद्रव्यांचे रेणू कमी सुटतात.

खडीसाखर, तुमच्या शंकेबद्दल : पूर्ण चमचा लागतच नाही. कपाला पाव चमचा, जेमतेम १ ग्रॅम साखर घालून पाहा. जिभेला थोडीशी खूण मिळाली की वासाचा सगळा गोडवा खरा वाटायला लागतो. चवीचा तोल पाहायला एवढं पुरतं, आणि केकच्या तुकड्यात साखर याच्या कितीतरी पट असते.

निळीशाई

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. चांगल्या चहावर असले स्वाद फवारायची गरज मला कधी पटली नाही. चहाच्या पानात अंगचेच इतके वास असतात. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा जास्मिन चहा घ्या. ताजी फुलं पानांबरोबर रात्रभर ठेवायची, सकाळी काढून टाकायची, पुन्हा नवी फुलं, असं अनेक रात्री. पान तो वास पिऊन घेतं. याला मी स्वाद देणं म्हणतो. तेलात विरघळवलेला स्वाद पानांवर फवारून ढवळणं ही निराळी गोष्ट.

दुधाळ, लोण्यासारखी चव हवी असेल तर तैवानचा जिन शुआन ऊलाँग (हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा) प्या. १९८० च्या दशकात पुढे आलेला वाण, साई-लोण्याचा वास त्या पानाचाच. तो प्यायल्यावर मला क्रेम ब्रूलेची गरज वाटली नाही.

मंदआच

निळीशाई, जिन शुआन माझ्या वहीत आठव्या पानावर आहे आणि त्यापुढे मी दोन रेघा ओढल्यात. इतका हळुवार की पहिल्यांदा मला काहीच कळला नाही, तिसऱ्यांदा त्याच पानांवर पाणी ओतलं तेव्हा गरम दुधावरच्या सायीची आठवण आली. पण 'मिल्क ऊलाँग' नावाने वरून दुधाचा स्वाद फवारलेला चहाही सर्रास मिळतो. फरक ओळखायची माझी खूण : फवारलेला पहिल्याच पाण्यात धो धो वास देतो आणि दुसऱ्यात गप्प होतो. अंगचा वास दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात अधिक खुलतो.

तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. फवारणी बहुतेक वेळा हलका माल खपवायला होते हे खरं. पण दुसऱ्या क्रेम ब्रूलेत तसं नव्हतं, तिथे स्वाद बेतशीर होता आणि चहाला पुढे करत होता. पाण्यात लिंबू पिळलं म्हणून पाण्याचा अपमान होत नाही ना? त्या कपासाठी मी भांडायला तयार आहे.

प्रयोगवही, नाकाचा प्रयोग आत्ता करून आले. अंगावर काटा आला. चार महिने मी जे चाचपडत होते ते दोन सेकंदांत कळलं.

काचेची_किटली

भांड्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. स्वादाच्या चहांसाठी गाळणं वेगळं ठेवा, आणि तेही स्टीलचं किंवा काचेचं. माझ्याकडे सिलिकॉनचं होतं, त्यात एकदा पुदिना-चॉकलेट केला, आणि पुढचे दोन आठवडे प्रत्येक चहाला पुदिना. धुतलं, उकळलं, उन्हात ठेवलं, काही उपयोग नाही. बिनमुलाम्याच्या मातीच्या किटलीत तर हे चहा कधीच करू नका, ती कायमची बाटते.

साठवणही तशीच. चहाचं पान शेजारचा वास ओढून घेतं, तोच गुण ज्यावर निळीशाईंचा जास्मिन चहा उभा आहे. हॅझलनटचं उघडं पाकीट साध्या चहाशेजारी ठेवलंत की आठवड्यात दोन्ही हॅझलनट. घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे, प्रत्येकाचा वेगळा. आणि लहान पाकीटच घ्या. फवारलेला स्वाद डबा उघडल्या दिवसापासून उडत असतो, मोठं पाकीट तळाशी जाईपर्यंत तुमच्याकडे नुसता चहा राहतो.

अनवट

मस्त चर्चा. प्रश्न दोन. १) हे चहा दुधात उकळले तर? २) माझ्याकडे एक चेरीचा आहे. चेरी कमी आणि बदामाच्या मिठाईसारखा जास्त लागतो. खराब झालाय का?

प्रयोगवही

२) खराब नाही. चेरी आणि कडू बदाम या दोन्हींच्या वासात बेन्झाल्डिहाइड हा एकच मुख्य रेणू आहे. स्वाद बनवताना तो जरा जास्त पडला की चेरी थेट मार्झिपानकडे, म्हणजे बदामाच्या मिठाईकडे झुकते. अशीच जोडी कॅरमेल आणि स्ट्रॉबेरीची : फ्युरानिऑल नावाचं गंधद्रव्य दोन्हींत असतं, म्हणून ते मिश्रण सहसा फसत नाही. नारळ, पीच आणि साय यांच्या वासामागेही लॅक्टोन हे एकच कुटुंब आहे. पीच-क्रीमचे चहा बरेचदा जमून जातात ते त्यामुळे.

व्हॅनिलाबद्दलही थोडं. व्हॅनिलिन पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं १८५८ मध्ये आणि ते कृत्रिमरीत्या तयार झालं १८७४ मध्ये. शेंगेत मात्र व्हॅनिलिनच्या सोबतीला इतर शेकडो द्रव्यं असतात. म्हणून खऱ्या शेंगेच्या चहाचा वास सौम्य पण भरलेला असतो, आणि नुसत्या व्हॅनिलिनचा टोकदार, एकसुरी. मंदआच यांच्या पहिल्या डब्याचा खोलीभर पसरलेला वास मला त्या दुसऱ्या प्रकारातला वाटतो.

मंदआच

अनवट, १) चं उत्तर : उकळू नका. मी दोनदा उकळून पाहिलं. वास सगळा वाफेबरोबर स्वयंपाकघरात गेला, खोली सुंदर झाली, कप रिकामा. त्यापेक्षा नेहमीच्या दीडपट चहा घेऊन कमी पाण्यात चार मिनिटं झाकून मुरवा, गाळा आणि गरम दूध वरून घाला. झाकण महत्त्वाचं, त्याला आतून लागलेले थेंब हुंगून पाहा, तिथे काय काय अडकतं ते कळेल. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यांना धरून ठेवतं, त्यामुळे कॅरमेल, व्हॅनिला, हॅझलनट हे दुधात गोलाईने लागतात. लिंबू, जास्वंद, बेरी यांना दूध नकोच. आंबटपणाने पीएच (आम्लतेचं माप) ४.६ च्या जवळ गेला की केसीनच्या गाठी होतात, आणि चहा गरम असला की त्याआधीसुद्धा. माझ्या मेरिंग्यूचं तेच झालं.

तांबडमाती

दोन गोष्टी काळजीने सांगतो, कृपया हलक्यात घेऊ नका.

एक, सुकामेव्याची अ‍ॅलर्जी. 'बदाम बिस्किट' नावाच्या चहात कधी बदामाचे खरे काप असतात, कधी फक्त स्वाद. माझ्या भाचीला नट्सची अ‍ॅलर्जी आहे. पाहुणे म्हणून गेलो होतो तिथे तिला 'कॅरमेल' म्हणून चहा दिला, त्यात बारीक कापलेले बदाम होते. पहिल्या घोटाआधी तिच्या आईने गाळणं पाहिलं म्हणून निभावलं. नावात सुकामेवा नाही म्हणून आत नाही, असं धरू नका. घटकांची यादी प्रत्येक वेळी वाचा.

दोन, ज्येष्ठमध. 'साखर नाही, तरी गोड' असं लिहिलेल्या कित्येक मिश्रणांत ते असतं. त्यातलं ग्लिसरायझिन नियमित आणि भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. अधूनमधून एखादा कप प्यायला निरोगी माणसाला भीती नाही. पण रक्तदाबाचं औषध चालू असेल तर रोजचा चहा म्हणून ते लावून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

खडीसाखर

तांबडमाती, फार फार धन्यवाद. उठून माझे डबे पाहिले. पाचपैकी तिघांत ज्येष्ठमध निघालं! मला वाटायचं तो गोडवा व्हॅनिलाचाच आहे. आईला रक्तदाब आहे आणि गेला महिनाभर ती त्यातलाच एक रोज दोनदा घेतेय. आजपासून बंद केला, उद्या तिच्या डॉक्टरांशी बोलते.

आणि प्रयोगवही, पाव चमचा साखर करून पाहिली. सॉल्टेड कॅरमेलचा काळा चहा होता, जो मी 'बेचव' म्हणून मागे ढकलला होता. आता त्यात कॅरमेल आहे! मी उगाच दोष देत होते त्याला.

मंदआच

खडीसाखर, आईंना लवकर विचारा आणि काय म्हणाले ते इथेही कळवा.

गोडवा आणण्यासाठी घातलेल्या पानांबद्दल माझी तक्रार आहे, ती आत्ताच लिहिते. स्टीव्हियाची पानं मिसळलेले तीन चहा झाले. गोडवा उशिरा येतो, मग जातच नाही. घोट गिळला, चहा संपला, वास संपला, आणि तो पातळ गोडवा जिभेच्या मागच्या बाजूला अर्धा तास बसून. बनवणाऱ्याने गोडी आधीच ठरवून टाकली की प्यायणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. साखर मला हवी तेवढी मी घालेन, मला चहा नीट द्या एवढंच मागणं आहे. सॉल्टेड कॅरमेलमध्ये मिठाचे दोन कण घालून पाहा. मीठ कडवटपणा दाबतं, कॅरमेल पुढे येतं. चिमूटभर नको, खरंच दोन कण.

अनवट

थंड करून कोणी प्यायलंय का? मी क्रेम ब्रूले गरम करून फ्रीजमध्ये ठेवला तर तो गढूळ झाला.

प्रयोगवही

गढूळ होणं चांगल्या काळ्या चहाचं लक्षण असू शकतं. थंड होताना कॅफीन आणि चहातली तुरट पॉलिफेनॉल्स एकमेकांना धरतात, त्यांचे कण पाण्यात तरंगतात. चवीला धोका नाही, थोडं उकळतं पाणी घातलंत तर पुन्हा नितळ होईल. थंडच प्यायचा असेल तर आधीपासून थंड पाण्यातच भिजवा, फ्रीजमध्ये आठ-दहा तास. कडवट आणि तुरट द्रव्यं थंड पाण्यात कमी उतरतात.

निळीशाई

मंदआच, तुमच्या आग्रहाखातर आज कॅरमेल होजिचा प्यायलो. कोरा, साखरेशिवाय, शेवटच्या कोमट घोटापर्यंत. भाजलेल्या पानाचा वास कुठे संपतो आणि कॅरमेल कुठे सुरू होतं ते मला सांगता आलं नाही. हे मी मान्य करतो. बाकीच्यांबद्दल मत अजून तेच आहे.

मंदआच

निळीशाई, हे वाचून फार बरं वाटलं.

आजचा अठरावा : तिरामिसू (कॉफी, कोको आणि मऊ चीजचं इटालियन डेझर्ट), काळ्या चहावर, कोको आणि कॉफीच्या भाजलेल्या बियांचे तुकडे घातलेला. नाक धरून पहिला घोट : दाट, कडवट, थोडा तुरट, पण भरीव. नाक सोडलं, आधी कॉफी आली, तिच्यामागून कोको. चीजचा तो मऊ आंबूसपणा शोधत राहिले, तो नाही. दहा मिनिटांनी कॉफीने चहाला पार झाकलं. कोमट घोट मात्र चकित करणारा होता : कॉफी मागे सरली आणि चहा परत वर आला, स्वच्छ, किंचित गोडसर. दुधात फक्त कॉफीच लागतो, म्हणून दूध नको. पाव चमचा साखरेत उत्तम. वहीत वर्तुळ काढून ठेवलंय, पुढच्या रविवारी तीन मिनिटांवर पुन्हा करून पाहते, कॉफी थोडी कमी उतरते का ते बघायला.